नर्मदेच्या बेटावरील खासगी बाग पाहायला जाताना : बडोद्याच्या नवख्या बागप्रेमींसाठी

बडोद्यात राहणाऱ्याला पाहण्याजोग्या बागा शोधत हिंडावे लागत नाही. महाराज सयाजीराव तिसरे यांनी १८७९ साली विश्वामित्रीच्या काठी वसवलेली कमाटीबाग आहे, लक्ष्मीविलास राजवाड्याभोवती विल्यम गोल्डरिंग यांनी आखलेली बाग आहे आणि विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाचीही स्वतःची बाग आहे. पुढे बंगळूरच्या लालबागेमुळे ज्यांचे नाव झाले ते जर्मन उद्यानतज्ज्ञ क्रुम्बिगल त्याआधी बडोदा दरबारच्याच नोकरीत होते, हे येथील जुन्या बागप्रेमींना अजूनही अभिमानाने सांगावेसे वाटते. मात्र या सर्व बागांना फाटक आहे, ठरलेल्या वेळा आहेत आणि सार्वजनिक बागेत कोणी कसे वागावे याची एक सैल का होईना, पण ओळखीची रीत आहे. नदीच्या पात्रातील बेटावर कोणा कुटुंबाने स्वतःच्या हौसेने वाढवलेली बाग पाहायला जायचे असेल तर यांपैकी काहीच लागू पडत नाही. तेथे जाण्याची वाट एकच असते, ती पाण्यावरून जाते, आणि त्या वाटेने माणसांबरोबर आलेले प्रत्येक बी, प्रत्येक कीड आणि प्रत्येक प्लास्टिकची पिशवी मालकाच्या पदरात पडते. पुढील सर्व सूचना या एका गोष्टीतून निघाल्या आहेत.

मी ज्या बागेच्या अनुभवावरून हे लिहीत आहे तिचे नाव आणि ठिकाण मालकांच्या इच्छेनुसार देत नाही. चांदोदपासून भरूचपर्यंतच्या नर्मदेच्या पट्ट्यात ती आहे, एवढे पुरे.

आधी कबीरवड

ज्यांनी कधीच होडीतून बेटावर पाऊल ठेवलेले नाही, त्यांनी खासगी बागेच्या सहलीत थेट नाव नोंदवण्याआधी एकदा कबीरवडाला जाऊन यावे, असे मी आग्रहाने सुचवतो. भरूच जिल्ह्यात शुक्लतीर्थाजवळ नर्मदेच्या बेटावर हा वड आहे, तेथे होडीने जाता येते आणि कोणाची परवानगी लागत नाही. होडीत चढता-उतरताना आपला तोल कसा राहतो, वाळूत किती वेळ चालवते, उन्हाचा त्रास किती होतो, याचा अंदाज तेथे स्वस्तात येतो. झाडाकडे पाहण्याची सवय लावायलाही ही जागा उत्तम आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात कंपनी सरकारचे अधिकारी जेम्स फोर्ब्स यांनी या वडाचा घेर सुमारे २००० फूट, मोठी खोडे ३५० आणि लहान खोडे ३००० हून अधिक असल्याचे नोंदवले होते, आणि पुरांनी त्याचा बराच भाग आधीच वाहून नेल्याचेही म्हटले होते. आज तेथे उभे राहून मूळ खोड कोणते, असे विचारणाऱ्याला उत्तर मिळत नाही, कारण पारंब्यांचीच खोडे झाली आहेत. बेटावरची झाडे टिकतात म्हणजे काय होते, हे त्यावरून ध्यानात येते.

परवानगी आणि गटाचा आकार

मालकांशी बोलणी गटातील एकाच व्यक्तीने करावी. चार जणांनी चार वेळा फोन करून चार निरनिराळ्या शंका विचारल्या की अत्यंत सौजन्यशील माणूसही पुढच्या वर्षी टाळाटाळ करू लागतो. आपल्याकडे गुजराती घरांतून "आवो ने, गमे त्यारे आवो" (या ना, केव्हाही या) असे मोकळेपणाने म्हटले जाते. ते मनापासूनच असते, पण ते केवळ आमंत्रण असते, तारीख नसते. त्यामुळे मोटाभाई किंवा बेन असे म्हणाले, तरी दिवस, पोहोचण्याची वेळ, निघण्याची वेळ आणि नेमकी माणसे, हे सर्व लिहून कळवावे आणि त्यांचा होकार लेखी घ्यावा.

गट बारा ते पंधरा जणांचा असावा. त्याहून मोठा झाला की माळीकाकांचा आवाज शेवटच्या माणसापर्यंत पोहोचत नाही, पाऊलवाटेच्या कडेची रोपे तुडवली जातात आणि होडीला जादा फेऱ्या कराव्या लागतात. होकार घेतानाच काही गोष्टी विचारून ठेवाव्यात : पिण्याचे पाणी आणि स्वच्छतागृह आहे का, कुत्री मोकळी असतात का, लहान मुले आणलेली चालतील का, घराच्या कोणत्या भागात जाऊ नये आणि छायाचित्रे काढण्यास हरकत आहे का. मुलांच्या बाबतीत मी थोडा कडक आहे. बागेत कण्हेर, बिट्टी, धोतरा, गुंज, शेर अशी विषारी झाडे असणे स्वाभाविक असते, आणि लाल-काळ्या गुंजा पाहून मुलांचा हात आपोआप पुढे जातो. ज्यांना मुलावर सतत लक्ष ठेवणे जमणार नाही, त्यांनी त्याला त्या दिवशी आजीकडे ठेवावे.

दिवस ठरवताना दोन पंचांगे

एक पंचांग फुलांचे आणि दुसरे पाण्याचे. आपल्या सोयीचा रविवार त्यांच्यानंतर येतो.

फुलांपुरते बोलायचे तर नोव्हेंबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंतचा काळ नवख्यांना सर्वांत सुखाचा असतो. गुलाब आणि हिवाळी फुले बहरात असतात आणि दुपारी बाराला बागेत उभे राहवते. तथापि, प्रत्येक बागेचा खरा मोसम वेगळा असू शकतो. मालकांनी सीताअशोक किंवा पळस जपला असेल तर फेब्रुवारी-मार्च गाठावा लागतो, चाफ्याचा आणि अडेनियमचा संग्रह असेल तर उन्हाळ्याची सकाळ, आणि पारिजातक पाहायचा असेल तर पावसाळा सरताना सूर्योदयाला हजर राहण्याची तयारी हवी. म्हणून "कधी येऊ?" असे विचारण्यापेक्षा "तुमच्या बागेत तुम्हाला स्वतःला कोणता महिना आवडतो?" असे विचारावे. असे विचारल्यावर माणूस मनापासून बोलतो.

पाण्याचे गणित अधिक महत्त्वाचे आहे. भरूचच्या बाजूला समुद्राची भरती नदीत वर चढते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची म्हणजे मोठी भरती असते, अष्टमीच्या आसपास भांगाची म्हणजे लहान. शिवाय भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे मागच्या सहलीची वेळ या सहलीला चालत नाही. चांदोदच्या बाजूला कारण वेगळे आहे. वर सरदार सरोवर धरण आहे, आणि नदीपात्रातील वीजगृहातून किती पाणी सुटते यावर खालची पातळी एकाच दिवसात खाली-वर होऊ शकते. सकाळी ज्या वाळूवर होडी लावली ती जागा दुपारी पाण्याखाली असते, किंवा उलट, होडी कोरड्यावर बसते. पावसाळ्यात तर हा विषयच काढू नये. सप्टेंबर २०२३ मध्ये धरणातून मोठा विसर्ग झाला तेव्हा चांदोद आणि करनाळीचे घाट पाण्यात गेले होते, हे ज्यांनी पाहिले त्यांना अधिक सांगण्याची गरज नाही. यावर उपाय साधा आहे. स्थानिक नावाड्याशी आदल्या संध्याकाळी आणि निघण्याच्या दिवशी सकाळी बोलावे, आणि तो "आज नको" म्हणाला तर बडोद्याहून गाडी निघालेली असली तरी परत फिरावे.

होडी

बडोद्याच्या कोणाही माणसाला होडीतील सुरक्षिततेबद्दल समजावून सांगावे लागू नये. १८ जानेवारी २०२४ रोजी हरणीच्या तलावात शाळेच्या सहलीची होडी उलटून १२ मुले आणि २ शिक्षिका गेल्या. होडीत क्षमतेपेक्षा अधिक माणसे होती. तरीही घाटावर उभे राहिल्यावर "एकाच फेरीत जाऊ, दाटीवाटीने बसू" असे म्हणणारे कोणीतरी प्रत्येक गटात निघतेच. गटप्रमुखाने तेथे ठाम राहावे. प्रत्येकाला मापाचे लाइफ जॅकेट मिळाले आणि त्याचे पट्टे बांधले गेले, हे स्वतः पाहिल्याशिवाय होडी सोडू देऊ नये. जॅकेट मांडीवर घेऊन बसणे म्हणजे ते नसल्यासारखेच आहे. होडी चालू असताना उभे राहून छायाचित्र काढू नये आणि सर्वांनी एकाच बाजूला झुकू नये. विश्वामित्रीमुळे आपल्याला मगरीचे अप्रूप राहिलेले नाही, पण मगरी नर्मदेतही आहेत, म्हणून पाण्यात हात-पाय सोडून बसण्याची हौस तेथे करू नये.

आणखी एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका घाटापर्यंत येते, बेटावर येत नाही. त्यामुळे शेवटचा माणूस परत येईपर्यंत एक होडी आणि तिचा नावाडी बेटावरच थांबेल, असे भाडे ठरवतानाच बोलून घ्यावे. त्यासाठी वर्गणी थोडी वाढली तरी तिथे काटकसर करू नये.

पायातले आणि पिशवीतले

बूट बंद आणि मळले तरी चालतील असे असावेत, पण मळलेले नसावेत. हा भेद शब्दांचा खेळ वाटेल, म्हणून त्याचे कारण देतो. नर्मदेच्या पट्ट्यात केळी मोठ्या प्रमाणावर होते. केळीच्या मर रोगाची बुरशी मातीत वर्षानुवर्षे जिवंत राहते आणि ती बाधित मुनव्यांतून (केळीच्या बुंध्याशी फुटणाऱ्या पिल्लांतून), अवजारांतून आणि बुटाच्या तळव्याला चिकटलेल्या मातीतूनही पसरते. गटातील कोणी आदल्या दिवशी शेतावर जाऊन आलेला असतो आणि तेच बूट घालून येतो. मुख्य भूमीवर हा धोका सगळीकडेच असतो, परंतु बेटावरची माती आजवर नदीने बरीचशी वेगळी राखलेली असते आणि तिच्यात रोग नेणारे आपण पहिले ठरू शकतो. म्हणून बूट आदल्या रात्री साबणाने आणि ब्रशने तळव्याच्या खाचांसह धुवावेत, पायजम्याच्या घड्या आणि मोजे झटकून आघाड्याचे आणि गाजरगवताचे बी नाही याची खात्री करावी. शक्य असल्यास होडीत चढताना धुतलेली दुसरी जोडी घालावी. आमच्या गटात प्रथम या नियमाची थट्टा झाली होती. मात्र मालकांनी उतारावर स्वतः पाण्याची बादली आणि ब्रश घेऊन माळ्याला उभे केलेले पाहिल्यावर ती थांबली.

पिशवीत पाणी, टोपी, भिंग, वही, पेन्सिल, जुनी वर्तमानपत्रे आणि थोड्या स्वच्छ पिशव्या असाव्यात. पेन्सिलच, कारण ओल्या हाताने लिहिलेली शाई पसरते आणि नावाच्या पट्टीवरचे पेन्सिलचे अक्षर उन्हातही टिकते. स्वतःची कातरी नेऊ नये. कातरी खिशात असली की हात शिवशिवतात.

बागेत

नवखे लोक पहिल्याच फुलझाडाशी थांबतात आणि तेथेच अर्धा तास घालवतात. त्याऐवजी आधी बेटाला एक फेरी मारावी, किंवा मालक सांगतील तेवढ्या भागाला. प्रवाहाच्या वरच्या टोकाची माती नदी सहसा खात असते आणि खालच्या टोकाला गाळ टाकत असते, म्हणून दोन्ही टोकांची लागवड वेगळी दिसते. वरच्या बाजूला काठ धरून ठेवण्यासाठी वाळा, बांबू, करंज, वाळुंज अशी झाडे लावली आहेत का, ते पाहावे. मोठ्या खोडांवर गाळाची फिकट रेषा दिसली तर पुराचे पाणी कुठवर आले होते ते कळते, आणि मग घराचे जोते एवढे उंच का, कुंड्या मांडवाला टांगलेल्या का, हे न विचारताच उमगते. गाळाची आणि वाळूची माती पाणी धरून ठेवत नाही. शेणखताचे प्रत्येक पोते होडीतून आणावे लागते. त्यामुळे अशा बागेत पालापाचोळ्याचे आच्छादन आणि जागेवरच केलेले खत हीच खरी पाहण्यासारखी गोष्ट असते. गुलाब काय, कुठेही दिसतो.

माळीकाका बहुधा गुजरातीच बोलतात, आणि झाडांच्या नावांवरून मोठे गोंधळ होतात. दांडिया बाजारात वाढलेल्यांना हे सवयीचे असते, पण पुण्या-नागपूरहून नुकतेच बडोद्यात आलेल्यांनी थोडी तयारी करून जावे. गरमाळो म्हणजे आपला बहावा, खाखरो म्हणजे पळस, शिमळो म्हणजे सावर, बोरसल्ली म्हणजे बकुळ, सरगवो म्हणजे शेवगा, अरडुसी म्हणजे अडुळसा आणि चणोठी म्हणजे गुंज. रायण म्हटले की रांजण किंवा खिरणी समजावी. रुखडो म्हणजे गोरखचिंच. लिमडो म्हणजे कडुनिंब आणि मीठो लिमडो म्हणजे कढीपत्ता, दोघांपैकी एकही लिंबाचे झाड नव्हे. सर्वांत घोळ अशोकाचा. आपण सोसायटीच्या भिंतीलगतच्या उंच, सरळ झाडाला सर्रास अशोक म्हणतो. गुजरातीत त्याला आसोपालव म्हणतात आणि दाराच्या तोरणाला त्याची पाने लावतात. केशरी-लाल गुच्छांचा खरा अशोक म्हणजे सीताअशोक, हे झाड निराळे आहे. "अशोक दाखवा" म्हटल्यावर माळ्याने भलतीकडे नेले तर त्याची चूक समजू नये. वहीत मराठी आणि गुजराती दोन्ही नावे लिहावीत, आणि शंका राहिली तर फुलाबरोबर पानाची दोन्ही अंगे, फांदीवर पाने कशी लागली आहेत ते आणि खोडाची साल, अशी चार छायाचित्रे घ्यावीत. नुसत्या फुलाच्या छायाचित्रावरून झाड ओळखायला सांगणारे बरेच आहेत. ओळखणारे थोडे.

प्रश्न विचारताना एक सूचना. "हे कसे वाढवले?" याचे उत्तर बहुधा "देवाची कृपा" असे येते. "येथे काय काय मेले?" असे विचारावे. कोणती झाडे पुरात कुजली, कोणती उन्हाळ्यात वाळूने भाजली, कोणती तीनदा लावून तीनदा गेली, हे मालक हळूहळू सांगू लागतात. आपल्या कोठी किंवा अलकापुरीतल्या गच्चीवर काय लावू नये, हेही त्यातूनच कळते.

छायाचित्रांना परवानगी असली तरी घर, माणसे आणि घाटाची खूण टाळावी. बागेत चंदन असेल तर त्याचे छायाचित्र ठिकाणासह कोठेही पाठवू नये. चंदनाची झाडे रातोरात कापून नेली जातात, आणि बेटावर रात्री पहारा करायला असतोच कोण.

कलमे, दांड्या आणि बिया

न विचारता काहीही तोडू नये, खाली पडलेले बीदेखील उचलू नये. अनेक बागप्रेमी, विशेषतः आमच्या पिढीतले, "चोरून आणलेले झाड चांगले लागते" असे हसत म्हणतात. त्यांना अशा सहलीत घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मालकांनी आपण होऊन काही देऊ केले तर ते माळ्याच्या हाताने कापून घ्यावे, प्रत्येकाने एक-दोन नमुन्यांवर थांबावे आणि त्याच वेळी नावाची पट्टी बांधावी. घरी गेल्यावर आठवेल, असे वाटते, पण आठवत नाही. जास्वंद किंवा बोगनवेलीच्या दांड्या ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत सैल ठेवाव्यात. चाफ्याची फांदी ओल्या कागदात गुंडाळू नये, तिचा चीक वाळू द्यावा. केळीचे मुनवे आणि मातीसह रोप मात्र प्रेमाने दिले तरी नम्रपणे नाकारावे. त्याचे कारण वर आलेच आहे, आणि ते दोन्ही दिशांना सारखेच लागू पडते.

मोबदल्यात पैसे देऊ केल्यास यजमानांना अवघडल्यासारखे होते. आपल्या बागेतील नीट वाळवलेले, नाव लिहिलेले बियाणे न्यावे, पण तेही आधी विचारून, कारण बेटावर काय पेरायचे ते ठरवण्याचा अधिकार त्यांचा आहे. माळी आणि नावाडी यांना मात्र गटाकडून पाकीट जरूर द्यावे.

जेवण आपले आपण न्यावे. थेपले, दशम्या, बटाट्याची सुकी भाजी एवढे पुष्कळ झाले. सेव-उसळीचा बेत कोणीतरी काढतोच, तो बडोद्यात परतल्यावर करावा. खरकटे, केळ्याची साले, आंब्याच्या कोयी हे सर्व "निसर्गात जिरते" या समजुतीने झुडपात टाकू नये. जे नेले ते सर्व परत आणावे.

घरी आल्यावर

आणलेल्या दांड्या आणि रोपे थेट आपल्या कुंड्यांमध्ये नेऊन ठेवू नयेत. गच्चीच्या दुसऱ्या टोकाला किंवा खिडकीत तीन आठवडे वेगळी ठेवावीत आणि दर दोन-तीन दिवसांनी पानांच्या खालची बाजू व बेचके भिंगाने पाहावे. पांढरा कापूस चिकटल्यासारखे दिसले तर तो पिठ्या ढेकूण असतो. कुंडीवर मुंग्यांची रांग लागली तर ढेकूण किंवा मावा आहे असे समजून शोध घ्यावा, कारण मुंग्या त्यांच्या गोड स्रावासाठी येतात. थोडी कीड असल्यास स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाने पुसून काढावी, अधिक असल्यास निंबोळी तेलाची फवारणी करावी, आणि दोनदा करूनही परत आली तर ती दांडी जाळून टाकावी. आवडत्या जातीची असली तरी.

चाफ्याची फांदी सावलीत आठवडाभर वाळवावी. टोकाचा चीक कडक झाल्यावर ती वाळूमिश्रित मातीत लावून पाणी बेताने द्यावे. बडोद्याच्या थंडीत तिला मुळे फुटायला फार वेळ लागतो, म्हणून जानेवारीत आणलेली फांदी तशीच कोरडी ठेवून फेब्रुवारीच्या अखेरीस लावलेली बरी.

आठवड्याच्या आत गटप्रमुखाने मालकांना पत्र लिहावे आणि त्यासोबत गटाने ओळखलेल्या झाडांची यादी, मराठी, गुजराती आणि शास्त्रीय नावांसह, पाठवावी. ज्या झाडाच्या नावाबद्दल एकमत झाले नाही त्यापुढे प्रश्नचिन्ह ठेवावे. आमच्या पहिल्या यादीत अशी अकरा प्रश्नचिन्हे होती. त्यांपैकी सात झाडांची नावे मालकांच्या आईंनी फोनवर सांगितली, आणि उरलेली चार झाडे फुलावर येतील तेव्हा कळवतो, म्हणून पुढच्या मार्चची तारीखही त्यांनीच दिली.